मोंढ्याच्या पाठीवरचं बिऱ्हाड

एप्रिल उजाडला की वसमतमध्ये दोन गोष्टी एकदम सुरू होतात. मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारात, हळदीची आवक वाढते आणि सरकारी कार्यालयांत बदल्यांच्या यादीची कुजबुज. वरवर पाहता दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण ज्याला घर हलवायचं आहे, त्याला तो लगेच कळतो. हळदीची पोती ज्यांच्या पाठीवरून ट्रकमध्ये चढतात, त्यांच्याच पाठीवरून त्याचं लोखंडी कपाट जिना उतरणार असतं, आणि त्या पाठी नेमक्या याच दिवसांत मोकळ्या नसतात.

वसमतसारख्या तालुक्याच्या गावात बिऱ्हाड हलवणं हा स्वतंत्र धंदा म्हणून फारसा उभा राहिलेला नाही. तो मोंढ्याचा जोडधंदा आहे. हमाल मोंढ्याचा, टेम्पो मोंढ्याच्या रस्त्यावरचा, दोरखंड आणि ताडपत्री टेम्पोवाल्याची, आणि बांधाबांध घरच्या बायकांची. पुण्या-मुंबईकडे एका फोनवर गणवेशातली माणसं खोकी आणि चिकटपट्ट्या घेऊन दारात उभी राहतात. इथे चार ठिकाणी शब्द टाकून माणसं जमवावी लागतात. ही पद्धत मागास आहे असं मला वाटत नाही. मात्र तिचे नियम कुठे लिहिलेले नसल्यामुळे पहिल्यांदा घर हलवणारा माणूस हमखास फसतो, आणि बहुतेक वेळा त्याला फसवणारा तो स्वतःच असतो.

आधी मोसमाचं गणित. येलदरी आणि सिद्धेश्वर या पूर्णेवरच्या धरणांचं पाणी कालव्यांनी या भागात आलं आणि ऊस, केळी, हळद अशी पाण्याची पिकं इथे रुळली. हळदीने तर गावाला नवी ओळख दिली. बाळासाहेब ठाकरे हरिद्रा (हळद) संशोधन व प्रशिक्षण केंद्र वसमतला आलं, 2024 साली ‘वसमत हळदी’ला भौगोलिक मानांकन मिळालं. मे-जूनमध्ये लावलेली हळद जानेवारी ते मार्चच्या दरम्यान काढतात. मग ती शिजवायची, उन्हात वाळवायची, ढोलात फिरवून पॉलिश करायची. विकायला येते तेव्हा उन्हाळा ऐन भरात असतो, आणि पेरणीसाठी हातात पैसा हवा म्हणून मृगाच्या आत माल काढून टाकायची शेतकऱ्याला घाई असते. म्हणजे एप्रिल ते जून हा हमालाच्या कमाईचा काळ.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा 2005 चा कायदा सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्येच करायला सांगतो आणि एका जागी साधारण तीन वर्षांचा मुक्काम धरतो. त्यामागचा हेतू चांगला आहे, मुलांचं शाळेचं वर्ष मोडू नये. पण त्यामुळे तलाठ्यापासून अभियंत्यापर्यंत सगळ्यांची बिऱ्हाडं एकाच वेळी उठतात. त्यात शुभ-अशुभ. पितृपक्षात आणि अधिक महिन्यात नव्या घरात पाऊल टाकायला माणसं कचरतात. 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, म्हणजे शाळा उघडायच्या बरोबर आधीचा महिना. त्याच्या अलीकडच्या पंधरवड्यात ज्याला टेम्पो हवा असेल, त्याने गुढीपाडव्यापासूनच शब्द टाकून ठेवलेला बरा. ज्याला मुहूर्ताचं काही वाटत नाही, त्याला मात्र अशा महिन्यात गाडी तरी सहज मिळते.

पूर्वी बदली झाली की घर हलायचं. आता तसं राहिलेलं नाही. राष्ट्रीय महामार्ग 61 वसमतवरून जातो आणि नांदेड चाळीसेक किलोमीटरवर आहे. त्यामुळे नोकरी वसमतला आणि घर नांदेडला, मधे रोजचं ‘अपडाऊन’. कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहायचं की नाही, घरभाडं भत्ता द्यायचा की नाही, यावर जिल्हा परिषदेत अधूनमधून वाद रंगतात. पण सासऱ्यापासून सुनेपर्यंत सगळ्यांनी नांदेडच्या बाजूने कौल दिलेला असतो.

त्याच रस्त्यावरून उलट्या दिशेने एक नवं बिऱ्हाड जातं. त्याला मी अर्धं बिऱ्हाड म्हणतो. दहावीचा निकाल लागला की मुलाला किंवा मुलीला ‘नीट’च्या तयारीसाठी नांदेडला किंवा लातूरला ठेवायचं, आणि सोबत आईने किंवा आजीने जायचं. बाप शेत आणि दुकान सांभाळत वसमतला. एक खाट, एक टेबल, कूलर, मिक्सर, दोन पातेली, कुकर, पाण्याची टाकी, देवाची एक तसबीर, आणि मोजून घेतलेली डाळ-तांदळाची पोती. छोट्या टेम्पोच्या एका फेरीत हा संसार मावतो. दोन वर्षांनी तोच टेम्पो तेच सामान परत घेऊन येतो, खाटेचा एक पाय तेवढा डुगडुगायला लागलेला असतो. टेम्पोवाल्यांना हे गिऱ्हाईक आवडतं. सामान थोडं, घाई कमी, आणि आई स्वतः सगळं बांधून तयार बसलेली.

खरी कुस्ती असते ती पूर्ण घर हलवताना, आणि तिचा पहिला डाव एका वाक्याचा असतो: “सामान काही जास्त नाही.” हे वाक्य उच्चारलं नाही असं घर मी पाहिलेलं नाही. गुरुजीही म्हणतात, बँकेचे साहेबही म्हणतात. आणि म्हणताना ते खोटं बोलत नसतात. रोज डोळ्यांसमोर असलेलं सामान माणसाला दिसेनासं होतं. जाणता हमाल म्हणून दारातून दर सांगत नाही. आत येतो, मान वर करतो आणि विचारतो, “माळ्यावर काय आहे?” मग गच्चीवर जातो, न्हाणीमागे डोकावतो, दिवाणाचं झाकण उचलतो. माळ्यावर लग्नातली पितळी घंगाळं असतात, आजीचं जातं असतं, बंद पडलेला टीव्ही असतो. गच्चीवर कुंड्या, पाण्याची टाकी, पत्र्याचे चार तुकडे. दिवाणात वाकळा आणि कोणाला द्यायच्या राहिलेल्या साड्या. त्याने एवढं पाहिलं की मग बोलणी खरी होतात.

बोलणी दोन तऱ्हांची. एक उक्तं, म्हणजे इथून उचलून तिथे ठेवण्यापर्यंत ठोक रक्कम. दुसरी फेरीवर, टेम्पोचं भाडं निराळं आणि हमाली निराळी. माझा कौल उक्त्याला, पण एका अटीवर: उक्त्यात काय काय येतं ते दोघांनी मोठ्याने म्हणायचं. किती माणसं येणार, तीच माणसं पलीकडे उतरवायला येणार की तिथे नवी शोधायची, वरचा मजला धरलाय का, पलंग खोलणार कोण आणि जोडणार कोण, नव्या घरापर्यंत गाडी जाते का की गल्लीच्या तोंडाशी थांबते, डिझेल-टोल कोणाकडे. यातलं काही बोलायचं राहिलं की ते सामान चढून झाल्यावर निघतं, आणि तेव्हा घासाघीस करायची ताकद गिऱ्हाइकाकडे उरलेली नसते. ठरलेलं एका कागदावर लिहून त्याचा फोटो एकमेकांना पाठवला, तर कोणाला राग येत नाही. इसार थोडा द्यावा. पूर्ण पैसे आधी देणारा आणि इसारच न देणारा, दोघांचाही टेम्पो त्या सकाळी येत नाही.

वेळेचंही बोलून घ्यावं लागतं. हळदीच्या मोसमात लिलाव आणि मापं आटोपल्याशिवाय हमाल मोंढा सोडत नाही, आणि त्याने सोडावा अशी अपेक्षा धरणंही चूक. तिथे त्याची रोजची भाकर आहे, तुमचं घर तीन वर्षांतून एकदा हलतं. तेव्हा मोंढ्याला सुट्टी असेल तो दिवस, नाहीतर अगदी पहाट, नाहीतर दिवस कलल्यावर. मे महिन्यात दुपारी बारा वाजता पत्र्याचं कपाट उघड्या हाताने धरून पाहावं, म्हणजे पहाट का ते समजतं.

या माणसांसाठी महाराष्ट्रात 1969 साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडींना संघटित केलं, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. त्या लढ्यांनी ओझ्यालाही मर्यादा असते हे बाजाराला ऐकवलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्ये एका पुरुषाने उचलायच्या ओझ्याची शिफारस 55 किलोंची केली होती. मोंढ्यात निदान पोत्याचं वजन काट्यावर दिसतं. घरातल्या वस्तूंवर कोणी वजन लिहिलेलं नसतं. दोन दारांचा फ्रीज साठ-सत्तर किलोंचा भरतो, आणि तो अरुंद जिन्यावर वळणात धरायचा असतो. पोतं घसरलं तर पडतं, फ्रीज घसरला तर खालच्या माणसावर पडतो. मोंढ्यातल्या कामाला कायद्याची काही चौकट तरी आहे, घराच्या जिन्यावर तीही नाही. त्या दिवशी कोणाचं बोट चेमटलं तर दवाखान्याचा खर्च घर हलवणाऱ्याने द्यावा, आणि हेही बोलणीत आधीच म्हणावं. त्या एका वाक्याने हमालाचा हात जास्त जपून चालतो, असा माझा अनुभव आहे.

आता गाडी. 2005 मध्ये टाटांनी आणलेली ‘एस’, जिला गावोगाव ‘छोटा हत्ती’ म्हणतात, तिने बिऱ्हाडांचं जग बदलून टाकलं. त्याआधी अख्खा ट्रक नाहीतर 1986 पासूनची 407, आणि त्याहून आधी बैलगाड्या. छोटा हत्ती गल्लीत शिरतो, स्वस्तात पडतो, पण त्याची क्षमता मूळची पाऊण टनाच्या आसपास. घरसामानाला सहसा वजनाच्या आधी जागा कमी पडते, म्हणून लोक वजनाचा विचारच करत नाहीत. मराठवाड्यातल्या घराला हा हिशोब लागू पडत नाही, कारण इथे वर्षाचं धान्य भरलेलं असतं. तीन क्विंटल ज्वारी, दीड क्विंटल गहू, अर्धा क्विंटल तूर धरली की पाचशे किलो झाले. म्हणजे गाडीची दोन-तृतीयांश ताकद कोठीनेच खाल्ली, आणि कपाट अजून दारातच आहे. बदलीची कुणकुण लागली की त्या वर्षी धान्य कमी भरावं, नाहीतर गावाकडच्या भावाकडे ठेवून हप्त्या-हप्त्याने न्यावं. आणि धान्याने भरलेली कोठी तशीच उचलायला कोणाला सांगू नये. धान्य पोत्यात, पोत्याचं तोंड दाभणाने शिवलेलं, आणि रिकाम्या कोठीत उशा-गाद्या.

बांधाबांधीचं सामान विकत घ्यायची इथे फार गरज पडत नाही. मोंढ्यात बारदान मिळतं, किराणा दुकानातून खोकी मिळतात, सुतळी घरात असतेच. सगळ्यात मोठी मदत होते ती वाकळांची. कपाटाच्या आरशाला, टीव्हीला, काचेच्या शोकेसला दोन वाकळा गुंडाळून सुतळीने आवळल्या की त्या कुठल्याही फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकला ऐकत नाहीत. नाही तरी वाकळा न्यायच्याच असतात. स्टीलच्या डब्यांत वाट्या-चमचे, वाट्यांत वर्तमानपत्र. कपबशा उभ्या लावायच्या, आडव्या रचल्या की खालची फुटते. लोणच्याची बरणी भरलेली असेल तर तोंडाला फडकं, वर झाकण, त्यावर पुन्हा फडकं, आणि ती टेम्पोत देऊच नये, बसमध्ये मांडीवर घ्यावी. पुस्तकं लहान खोक्यांत. शिक्षकांच्या घरी ही चूक हटकून होते, सगळी पुस्तकं एकाच मोठ्या खोक्यात भरतात आणि मग ते उचलताना तळ खाली आणि ग्रंथसंपदा जिन्यावर.

विजेच्या वस्तूंचे थोडे चोचले असतात. फ्रीज आदल्या रात्री बंद करून, पुसून, दार बांधून ठेवायचा आणि उभाच न्यायचा. आडवा न्यावा लागलाच तर नव्या घरात काही तास उभा राहू द्यायचा आणि मगच वीज लावायची, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ढोल घट्ट धरून ठेवणारे बोल्ट कंपनीने दिलेले असतात, ते बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी हरवतात. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच राहिली पाहिजे, आत आम्ल असतं, तिच्याशेजारी कपड्यांचं गाठोडं नको. कूलरचं पाणी काढायचं, आणि जुनं गवत फेकूनच द्यायचं, नेऊ नये. पलंगाचे नटबोल्ट एका पिशवीत घालून ती पलंगाच्याच पट्टीला बांधायची. त्या पिशवीच्या शोधात पहिली रात्र जमिनीवर झोपलेली कुटुंबं मला कितीतरी माहीत आहेत.

लोखंडी कपाटाबद्दल वेगळं बोललं पाहिजे. गोदरेजने 1923 मध्ये पोलादी कपाट बनवायला सुरुवात केली आणि शंभर वर्षांत ते आपल्याकडच्या लग्नाचा भाग झालं. ते भरलेलं हलवायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी “फक्त साड्याच आहेत” म्हणून एक कप्पा राहतो. कपाट रिकामं करून कुलूप लावायचं, किल्ली हातातल्या पर्समध्ये. दागिने, सातबारा, बँकेची पुस्तकं, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, हेही त्याच पर्सच्या आसपास. कपाट टेम्पोत केबिनकडच्या बाजूला उभं, त्याच्या तळाशी धान्य आणि पुस्तकं, म्हणजे जड ते खाली आणि पुढे. हमाल पोत्यांची थप्पी लावतो त्याच हिशोबाने तो घरही रचतो, आणि तिथे आपण सूचना द्यायच्या नसतात. घराच्या मालकाने त्या तासात चहा सांगावा आणि बाजूला उभं राहावं.

गॅस. भरलेला सिलिंडर, आतला वायू 14.2 किलो आणि टाकीचं वजन धरून तीसेक किलोंचा, घरसामानात टाकून नेऊ नये. दुसऱ्या गावी जायचं असेल तर एजन्सीकडे सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून अनामत परत घ्यायची आणि ट्रान्सफर व्हाउचर न्यायचं, नव्या गावी त्यावर जोडणी मिळते. पुस्तक आणि शेगडी आपल्याकडे राहते. हे काम निघायच्या दोन दिवस आधीचं, आणि ते दोन दिवस खानावळीचे किंवा शेजारणीचे. मोटरसायकल लांबच्या गावी रेल्वेने पाठवायची तर टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, गाडी बारदानात शिवावी लागते आणि आरसी बुकाची प्रत द्यावी लागते. मतदार यादीतल्या पत्त्यासाठी आठ नंबरचा अर्ज. ही कामं जेवढी कंटाळवाणी तेवढी सोपी, यांवर आणखी शाई खर्च करत नाही.

रस्त्यावरचा एक मुद्दा मात्र घोळवून सांगायला हवा. सामानाबरोबर कोणी तरी जायचंच असतं, आणि मग मागे गाद्यांवर दोन पोरं, एक मेहुणा अशी मंडळी बसतात. हवा लागते, मजा वाटते. मोटार वाहन कायद्यात 1994 साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे मालवाहू गाडीतल्या मालाचा मालक किंवा त्याने नेमलेला प्रतिनिधी विम्याच्या छत्राखाली येतो. मेहुणा आणि पोरं येत नाहीत. एका माणसाने केबिनमध्ये बसावं, बाकीच्यांनी एसटीने यावं. वाटेत कोणी जीएसटीचं बिल विचारलं तर बिचकायचं कारण नाही, वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. सामानाची सही केलेली यादी आणि बदलीचा आदेश ड्रायव्हरच्या हाती दिला की काम भागतं.

पुण्याला, मुंबईला किंवा हैदराबादला जायचं असेल तर नांदेडहून पॅकर्स-मूव्हर्स बोलवायचा मोह होतो, आणि लांबच्या पल्ल्याला तो रास्तही आहे. फक्त इंटरनेटवर सगळ्यात कमी दर सांगणाऱ्याला सामान देऊ नये. सामान चढवून झालं की रक्कम वाढवायची, नाहीतर वाटेत गाडी उभी करून पैसे मागायचे, हा प्रकार देशभर चालतो. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा परवाना आणि नोंदणीकृत वाहतूकदाराची बिल्टी हातात पडल्याशिवाय दार उघडू नये. बिल्टीवर मालाची किंमत लिहायला लोक कचरतात, दर वाढेल म्हणून. पण रस्ते वाहतुकीच्या 2007 च्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे किंमत जास्त नोंदवलेली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच असते. भाडं वीस हजार असेल तर दोन लाखांपर्यंत, त्यापुढचं नुकसान तुमचं. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून 180 दिवसांत द्यावी लागते. नाडलेच गेलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

एवढं सगळं सांगून झाल्यावर एक गोष्ट कबूल केली पाहिजे: बिऱ्हाड हलवण्यात आपण सगळे नवशिके आहोत. तरबेज माणसं पाहायची तर दसरा-दिवाळीच्या सुमारास रस्त्यावर उभं राहावं. कारखान्यांचे बॉयलर पेटायची वेळ झाली की ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. मराठवाड्यातून बाहेरच्या कारखान्यांवर जातात, आणि वसमतच्या पूर्णा कारखान्याच्या परिसरातही उसाच्या फडांजवळ खोप्या उभ्या राहतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाच-सहा महिन्यांचा संसार: कोयते, तवा, परात, ज्वारीचं पोतं, पाण्याचे ड्रम, खोपीचे बांबू आणि ताडपत्री, वाकळा, दोन-चार कोंबड्या, आणि वर लेकरं. कुठली वस्तू आधी लागणार हे त्या बाईला पक्कं ठाऊक असतं, म्हणून चूल पेटवायचं सामान सगळ्यात वर असतं आणि खोपीचे बांबू काढायला सोपे असे कडेला. सामान उतरल्यावर थोड्या वेळात भाकरी तव्यावर पडते. अर्थात हे कौशल्य कोणी हौसेने शिकलेलं नाही. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीने ते शिकवलं आहे, आणि लेकरांच्या शाळेच्या हजेरीत त्याची फी भरली गेली आहे. त्यांच्यासाठी बदल्यांचा कायदा नाही आणि शैक्षणिक वर्ष मोडू नये म्हणून ठरवलेला महिनाही नाही.

त्यांच्याकडून घ्यायची युक्ती मात्र घ्यावी: पहिल्या रात्रीचं गाठोडं वेगळं. त्यात हळद-कुंकू, मीठ आणि देव असतातच, कारण ते आधी आत जातात, आणि केरसुणी. त्याच गाठोड्यात चहा-साखर, दूध उतू घालायचं पातेलं, एक बल्ब, पाना आणि स्क्रू ड्रायव्हर, चादर, मुलांची औषधं. हे गाठोडं टेम्पोत शेवटी चढतं, म्हणजे आधी उतरतं.

उतरवताना नव्या गावातली माणसं हक्क सांगायला येऊ शकतात. इथला माल इथलेच उतरवणार, उतरवायची वारई द्या. आपली माणसं सोबत असतील तर ड्रायव्हरला पुढे करावं, त्याला अशी बोलणी रोजची असतात. नसतील तर त्यांनाच काम द्यावं, त्यांनाही जिन्याची उंची आधी दाखवावी. कपाट भिंतीला लागून नीट उभं राहिलं, पलंग जोडून झाला, फ्रीजवर ओरखडा नाही, एवढं पाहून पैसे चुकते करावेत आणि ठरल्यापेक्षा थोडे वर द्यावेत. पैसे हातात पडल्यावर ड्रायव्हर जेवायलाही थांबत नाही. त्याचा फोन एव्हाना सुरू झालेला असतो. नांदेडहून वसमतकडे परतीचं भाडं मिळालं तर त्याची फेरी दुप्पट पिकते, म्हणून घरसामान, खताच्या गोण्या, दुकानाचा माल, काहीही चालतं. अशा परतीच्या गाडीत जागा मिळवणारं बिऱ्हाड सगळ्यात स्वस्त पडतं, पण त्यासाठी तुमचं सामान त्या तासाला बांधून दारात तयार पाहिजे.